कृष्णेचे पाच टीएमसी आणि वेलचेरीचे तळे

१४ एप्रिल १९७६. देशात आणीबाणी होती. मद्रासमध्ये तर अडीच महिन्यांपूर्वीच करुणानिधींचे सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली होती. महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते, कर्नाटकात देवराज अर्स आणि आंध्रात जलगम वेंगलराव. त्या दिवशीच्या कराराने या तीन राज्यांनी मान्य केले की, कृष्णेच्या आपापल्या हिश्श्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रास शहराला पिण्यासाठी द्यायचे. एकूण १५ टीएमसी.

मद्रास कृष्णेच्या खोऱ्यात येत नाही. नदीवर त्या शहराचा कायद्याने काडीचाही हक्क नव्हता. आणि ज्या तिघांनी हे पाणी देऊ केले, ते त्याच नदीच्या पाण्यासाठी १९६९ पासून न्यायमूर्ती बच्छावतांच्या लवादापुढे एकमेकांविरुद्ध उभे होते. त्या लवादाचा अंतिम निर्णय राजपत्रात यायलाही अजून दीड महिना होता. ३१ मे १९७६ रोजी तो आला : महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी. म्हणजे वाटणीच्या कागदावर शिक्का बसण्याआधीच तिन्ही भावांनी आपल्या ताटातला घास बाहेरच्या पाहुण्यासाठी काढून ठेवला होता. भाऊबंदकीच्या आपल्या इतिहासात असे फार वेळा घडलेले नाही.

एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. महाराष्ट्राने दिलेले पाणी त्याच्या वाट्याच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. पण हा एक टक्का कुठून यायचा? माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुके याच खोऱ्यातले, याच नदीकडे पाठ करून बसलेल्या उंचवट्यावरचे. तिथे त्या वेळी कृष्णेचा कालवाही पोचला नव्हता आणि उपसा योजनाही नव्हत्या. चारच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात खडी फोडलेले हात तिथे घरोघर होते.

दिल्लीच्या धाकाने सह्या झाल्या, असे म्हणणे सोपे आहे. ते काही अंशी खरेही असावे. आणीबाणीत इंदिरा गांधींना नाही म्हणणारा काँग्रेसचा मुख्यमंत्री शोधावाच लागला असता. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. कारण पुढच्या वर्षी दिल्लीत जनता पक्षाचे सरकार आले, धाक संपला, आणि तरीही २८ ऑक्टोबर १९७७ रोजी करार पुन्हा झाला, अधिक तपशिलात. महाराष्ट्रात तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, कृष्णाकाठच्या सांगलीचे. मद्रासमध्ये एम. जी. रामचंद्रन यांना गादीवर बसून चार महिने झाले होते. पंतप्रधान मोरारजी देसाई विरोधी पक्षाचे. या वेळी नाही म्हणायला जागा होती. कोणी म्हटले नाही.

त्याच १९७७ सालच्या मार्चमध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहरात संयुक्त राष्ट्रांची पाण्यावरची पहिली मोठी परिषद भरली होती. एकाच नदीवर जगणाऱ्यांनी माहिती आणि पाणी वाटून घ्यावे, पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम द्यावा, असे ठराव तिथे झाले. कृष्णेच्या कराराचा त्या परिषदेशी थेट संबंध नव्हता. तरी तिथे जे ठरावात होते, ते इथे सात महिन्यांत सह्यांनिशी उतरले, हे नोंदवायला हवे. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या ग्रंथांत मेकाँग, ऱ्हाईन, सिंधू यांची प्रकरणे असतात. कृष्णेचे १५ टीएमसी देशांतर्गत मामला म्हणून बाहेर राहतात. वास्तविक कृष्णाखोऱ्यातली राज्ये युरोपातल्या कित्येक देशांपेक्षा मोठी, आणि भांडणात त्यांच्याहून तसूभर कमी नाहीत.

मद्रासची तहान काही १९७६ ची नव्हती. शहराला बारमाही नदी नाही. कुवम आणि अड्यार पावसाळी नद्या, त्यांचीही पुढे गटारे झाली. ब्रिटिशांनी १७७२ मध्ये किल्ल्यासाठी सात विहिरी खोदल्या, त्यावर शंभर वर्षे निभावले. १८७२ मध्ये फ्रेझर या इंजिनिअरच्या योजनेने कोसस्थलैयार नदीचे पाणी चोलावरम आणि रेड हिल्स या तळ्यांत वळवून उघड्या पाटाने शहरात आणले. १९३९ मध्ये महापौर झालेले एस. सत्यमूर्ती यांनी पूंडीला धरण बांधण्याचा आग्रह धरला. महायुद्धाच्या धामधुमीतही ते १९४४ मध्ये पुरे झाले. सत्यमूर्ती १९४३ च्या मार्चमध्येच गेले होते. जलाशयाला त्यांचे नाव आहे.

मग १९६६ ते १९६९ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे भूजलतज्ज्ञ आले. शहराच्या उत्तरेला आरणियार आणि कोसस्थलैयार या नद्यांच्या वाळूखाली चांगले पाणी आहे, हे त्यांनी शोधून दिले. मिंजूर, पंजेट्टी, तामरैपाक्कम इथे विहिरींचे मळे उभे राहिले. शोध अचूक होता. उपसा बेफाम झाला. समुद्र जवळच. गोड पाणी जितके वर ओढले तितके खारे पाणी जमिनीखालून आत सरकले, आणि मिंजूरच्या शेतकऱ्यांच्या विहिरी मचूळ झाल्या. पुढे २०१० मध्ये, स्पॅनिश कंपनीच्या भागीदारीत, समुद्राचे पाणी गोडे करणारा शहराचा पहिला मोठा कारखाना उभा राहिला तो याच मिंजूरजवळ. बाहेरची मदत कुठे पाणी आहे हे दाखवू शकते. किती काढायचे हे घरच्यांनी ठरवायचे असते, आणि ते कोणी ठरवले नाही.

आता वेलचेरी. आज चेन्नईचा नकाशा उघडला तर दक्षिणेकडे, गिंडीचे जंगल आणि आयआयटीच्या खालच्या अंगाला हे उपनगर दिसते. दंडीश्वराच्या देवळात चोळकालीन शिलालेख आहेत, म्हणजे गाव हजारेक वर्षांचे. अशा गावाला एक 'एरी' असायचीच. एरी म्हणजे उताराला आडवा मातीचा लांब बांध घालून अडवलेले उथळ तळे. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांसारखीच ही रचना : वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात, त्याचा त्याच्या खालच्यात. दारे उघडायला 'नीरकट्टी' हा वतनदार, आणि वर्षातून एकदा गाळ काढायला, बांध सावरायला सगळ्या गावाने हात लावायची 'कुडिमरामत्' ही रीत. वेलचेरीच्या उत्तरेला मैलापूर-मांबळमचे लांबलचक तळे होते. ते १९२० च्या दशकात भराव टाकून बुजवले आणि त्यावर त्यागरायनगर वसवले, ज्याला आज टी. नगर म्हणतात आणि जिथे कांजीवरम घ्यायला आपली मंडळी हटकून जातात.

वेलचेरीच्या एरीचे जादा पाणी पल्लिकरणैच्या दलदलीत जायचे. ही दलदल नुसती दलदल नव्हे. दक्षिण मद्रासच्या तीसेक तळ्यांचे पाणी इथे येऊन पसरते, मुरते, आणि उरलेले ओक्कियम मडुवू नावाच्या वाटेने बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे कोवलमच्या खाडीत जाते. मद्रासला वर्षाला पाऊस किती? सरासरी सुमारे १४० सेंटिमीटर, पुण्याच्या दुप्पट. तोही बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबरच्या परतीच्या मोसमात, मोजक्या दिवसांत धो धो. अशा पावसाला थांबायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे एरी आणि दलदल.

मद्रासची सत्ता मात्र कृष्णेकडे डोळे लावून बसली होती. मे १९८३ मध्ये इंदिरा गांधी, एन. टी. रामाराव आणि एमजीआर यांच्या उपस्थितीत प्रकल्पाचा आरंभ झाला. दोन मुख्यमंत्री पडद्यावरचे देव, आणि पंतप्रधानांचा पक्ष आंध्रात नुकताच त्यातल्याच एका देवाने धुळीला मिळवलेला. रामारावांनी अट नव्हे, पण एक जोड दिली : कालवा रायलसीमेतून जाणार, तर वाटेतल्या पावणेसहा लाख एकरांनाही त्याने भिजवले पाहिजे. 'तेलुगू गंगा' हे नाव त्यातूनच. कर्नाटक आणि महाराष्ट्र इथे बिथरले. पाणी दिले ते पिण्यासाठी, मद्रासच्या माणसांसाठी; त्याच्या आडून आंध्राची शेती कशी? हा वाद पुढच्या लवादापर्यंत गेला. पण खरे सांगायचे तर रामारावांचे चूक नव्हते. ज्यांच्या दारावरून पाणी जाते त्यांना एक घोटही न देता ४०० किलोमीटरचा कालवा राखता येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याकडच्या कालव्यांवरचे सायफन एकदा पाहून यावेत.

त्या पाण्याची वाट मोठी मनोरम आहे. महाबळेश्वरी उगम, वाई, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी, मग कर्नाटकात अलमट्टी, नारायणपूर, आंध्रात श्रीशैलम. तिथे पोतिरेड्डीपाडूच्या दारांतून ते नदी सोडते, वेलुगोडूच्या जलाशयात येते, पुढे पेन्नार नदीत उतरून सोमशिला धरण, तिथून कंडलेरू, आणि कंडलेरूहून १५२ किलोमीटरचा कालवा तामिळनाडूच्या सीमेवर, उत्तुकोट्टैजवळच्या 'झीरो पॉइंट'ला. तिथून पूंडी २५ किलोमीटर. पूंडीहून जोडकालव्यांनी रेड हिल्सला आणि चेंबरंबाक्कमला, आणि मग नळाने शहरात. करारातले १५ टीएमसी वाटेत बाष्पीभवनाने आणि गळतीने १२ होतील असे गृहीत धरले होते : जुलै ते ऑक्टोबर ८, जानेवारी ते एप्रिल ४.

सीमेवर पाणी आले ते सप्टेंबर १९९६ च्या अखेरीस. इंदिरा गांधी, वसंतदादा, एमजीआर कोणीच उरले नव्हते. रामाराव त्याच वर्षी जानेवारीत गेले. पाणी स्वीकारले करुणानिधींनी, ज्यांच्या बरखास्तीनंतरच्या राजवटीत पहिला करार झाला होता. राजकारण कधी कधी असे विनोद करते.

१९९६ हे साल आणखी दोन कारणांनी ध्यानात ठेवावे. त्या वर्षी जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि स्वीडन यांच्या पुढाकाराने स्टॉकहोमला 'ग्लोबल वॉटर पार्टनरशिप' ही संस्था निघाली. १९९२ च्या डब्लिन परिषदेत मांडलेले एकात्मिक जलव्यवस्थापन जगभर रुजवायचे, हे तिचे काम. नदी, भूजल, शेती, शहर, दलदल हे सगळे एकच आहे असे धरून नियोजन करा, खोरे हा घटक माना, असा तो विचार. आणि त्याच वर्षी मुंबईत युती सरकारने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. बच्छावत निवाड्याचा ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकणार होता. तोवर वाट्याचे पाणी अडवले नाही तर ते हातचे जाईल, ही धास्ती. रोखे काढून पैसा उभा करून धडाक्याने धरणे, बोगदे, उपसा योजना सुरू झाल्या. आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुख समन्यायी वाटपाची मागणी करतच होते. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्राचे पाणी हजारभर किलोमीटरवरच्या मद्रासच्या वेशीला लागले, त्या वर्षी आटपाडीचे लोक धरणापासून आपल्या शिवारापर्यंत पाणी यावे म्हणून सभा घेत होते. त्यांच्यातल्या कोणी मद्रासला पाणी देऊ नका असे म्हटल्याचे निदान ठळक तरी झाले नाही. ही माणसे तहान ओळखणारी होती.

कालव्याचे काम मातीचे. पाणी पाझरायचे, काठ ढासळायचे, वाटेत पंप बसायचे. पहिल्या वर्षांत पूंडीला पोचणारे पाणी नाममात्र. २००२ मध्ये पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांच्या ट्रस्टने कंडलेरू-पूंडी कालव्याची दुरुस्ती आणि अस्तरीकरण अंगावर घेतले आणि २००४ पर्यंत पुरे केले. चार राज्ये, एक लवाद आणि दोन करार यांना जे जमेना ते एका धर्मादाय संस्थेने दोन-अडीच वर्षांत केले; त्यावर सरकारांनी लाजायचे की हारतुरे घालायचे? त्यांनी हारतुरे घातले. कालव्याला आता साईगंगा म्हणतात.

तरीही बहुतेक वर्षी पाणी ठरल्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येते. दरवर्षी चेन्नईचे अधिकारी विजयवाड्याला आणि हैदराबादला पत्रे लिहितात, थकबाकीचा वाद निघतो. आणि समजा १२ टीएमसी खरेच आले, तर ठेवायचे कुठे? पूंडी, चोलावरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम या चारही जलाशयांची मिळून क्षमता सव्वाअकरा टीएमसी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस सुरू झाला की चेन्नई स्वतःच आंध्राला कळवते : पाणी थांबवा, जागा नाही. पाणी आणण्याचा करार चार राज्यांनी केला. ते ठेवण्याचा करार शहराने स्वतःशी कधी केलाच नाही. १९४४ च्या पूंडीनंतर शहरासाठी नवा जलाशय बांधला गेला तो २०२० मध्ये, तेर्वोय कंडिगैला, कृष्णेचे पाणी साठवायलाच. क्षमता अर्धा टीएमसी.

त्या शहात्तर वर्षांत बुजलेल्या तळ्यांची यादी मात्र मोठी आहे, आणि वेलचेरी त्यात ठळक. १९८० नंतर सरकारी गृहनिर्माणापासूनच एरीत भराव पडू लागला. मग जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर संगणक कंपन्या आल्या, बायपास आला, २००७ मध्ये उन्नत रेल्वेचे स्थानक आले, मॉल आला. २६५ एकरांची एरी ५५ एकरांवर आली असे सांगतात. खालची पल्लिकरणै दलदल मूळच्या एका दशांशाच्या घरात उरली. तिच्यातच पेरुंगुडीचा कचरा डेपो. २००३ मध्ये जयललिता सरकारने प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जिरवणे सक्तीचे केले, ते देशात गाजले आणि त्याने भूजल वरही आले. पण छतावरचा पाऊस जिरवायचा आणि तळ्यावर छत घालायचे, अशी दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती.

१ डिसेंबर २०१५ ला तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कममधून २९,००० क्युसेक पाणी सोडावे लागले, अड्यार फुगली आणि वेलचेरीत तळमजले बुडाले. बोटी फिरल्या. पाणी नवे कुठे गेले नव्हते. जुन्या जागी आले होते.

साडेतीन वर्षांनी, जून २०१९ मध्ये, तेच शहर कोरडे. चारही जलाशयांचा तळ दिसला. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करा म्हटले, वेलचेरीच्या सोसायट्यांत टँकरच्या पाळ्या लागल्या, बोअरमधून हवा येऊ लागली. १२ जुलैला जोलारपेट्टैहून ५० वाघिणींची पहिली पाणीगाडी २५ लाख लिटर घेऊन आली. मराठी माणसाला हे दृश्य नवे नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली होती, आणि तिच्या टाक्यांतही कृष्णाच होती. एक टीएमसी पाणी रेल्वेने न्यायचे तर २५ लाख लिटरच्या अकरा हजारांवर फेऱ्या लागतील. कालवा कितीही गळका असो, त्याचे मोल या हिशोबाने कळते.

आज वेलचेरीच्या नळात कृष्णा कमी आणि समुद्र जास्त. दक्षिण चेन्नईला पाणी येते ते नेम्मेलीहून. २०१३ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या कारखान्यात चेन्नईच्याच वाबाग कंपनीबरोबर आयडीई ही इस्रायली कंपनी होती. त्याशेजारी पेरूरला जपानच्या कर्जातून दिवसाला ४० कोटी लिटरचा कारखाना उभा राहतो आहे. परदेशी पैसा आणि तंत्र मिळते ते अशा मोठ्या, एकाच कुंपणात मावणाऱ्या, उद्घाटन करता येणाऱ्या कामांना. २०१८ मध्ये डच सरकारने चेन्नई, खुलना आणि सेमरांग या तीन शहरांसाठी वेगळा उपक्रम काढला. त्यातल्या एका गटाने चेन्नईसाठी 'हजार तळ्यांचे शहर' अशी कल्पना मांडली : जुन्या तळ्यांची साखळी, मुरवण, सांडपाण्याचे शुद्धीकरण, सगळे एकत्र. समुद्रापासून जमीन हिसकावून घेणाऱ्या डचांनी तामिळांना त्यांच्याच एरीची आठवण करून द्यावी! शहरातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत नमुना उभा राहिला. चांगला आहे, छोटा आहे.

२०२२ मध्ये पल्लिकरणै रामसर यादीत गेली, १,२४७ हेक्टर. १९७१ साली इराणच्या रामसर गावी झालेल्या करारात भारत १९८२ पासून आहे. आपले नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारही याच यादीत आहेत. यादीतल्या पाणथळीचे स्वरूप टिकवण्याची जबाबदारी देश जगाला लिहून देतो. पल्लिकरणैच्या बाबतीत त्यातून पहिला प्रश्न उठला तो हद्दीचा : दलदल नेमकी कुठे संपते आणि सातबारा कुठे सुरू होतो. हा प्रश्न पाणीवाटपाच्या लवादापुढे जात नाही. तो तलाठ्याच्या तामिळ भावंडाकडे, बांधकाम परवान्याच्या टेबलाकडे जातो, आणि तिथे इंदिरा गांधी येत नाहीत.

मार्च २०२३ मध्ये, मार देल प्लातानंतर ४६ वर्षांनी, संयुक्त राष्ट्रांनी न्यूयॉर्कला पाण्यावर पुन्हा तशी परिषद भरवली. यजमानांत डच होतेच. त्या डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळ चेन्नईच्या किनाऱ्याजवळून गेले आणि वेलचेरीच्या रस्त्यांवर पुन्हा बोटी आल्या. जलाशय भरले होते. कृष्णेचे पाणी त्या दिवसांत कोणाला नको होते. कराराच्या हिशेबात महाराष्ट्राचे ५ टीएमसी मात्र त्या वर्षीही मद्रासच्याच नावे होते.